होइचीचे कान : आमच्या लघुपटाच्या कामाच्या नोंदी

जपानच्या उत्तर क्यूशूमध्ये शिकत असताना तिथल्या विद्यापीठाच्या चित्रपट मंडळात होते. आम्ही ‘मिमिनाशी होइची’, म्हणजे बिनकानाचा होइची, या जपानी भयकथेवर लघुपट केला. साउंडचं काम माझ्याकडे होतं. आपल्याकडे कॉलेजात कुणी अशी कथा करायला घेतली तर हाताशी असावं म्हणून वहीतल्या नोंदी थोड्या सावरून इथे देते आहे.

कथा माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. होइची हा बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवून हेइके घराण्याच्या नाशाची गाथा गाणारा आंधळा गायक. आकामागासेकीच्या, म्हणजे आजच्या शिमोनोसेकीच्या, आमिदाजी मंदिरात तो राहतो. उन्हाळ्यातल्या एका रात्री मंदिराचे ओशो, म्हणजे प्रमुख भिक्षू, बाहेर गेलेले असतात. चिलखत घातलेला कुणी सामुराई येऊन होइचीला नावाने हाक मारतो आणि एका थोर सरदारापुढे गायला नेतो. होइची ११८५ सालची दान-नो-उराची लढाई गातो. ऐकणारे हमसून हमसून रडतात. रात्रीमागून रात्री हेच. शेवटी मंदिरातले नोकर पावसात कंदील घेऊन शोधायला निघतात, तर होइची स्मशानात, त्या लढाईत बुडालेल्या बालसम्राट आंतोकुच्या समाधीपुढे एकटाच गात बसलेला. त्याला वाचवायला ओशो आणि त्यांचा शिष्य त्याच्या सर्वांगावर हृदयसूत्र हे बौद्ध सूत्र लिहितात. सूत्र असलेलं अंग भुताला दिसत नाही. कान तेवढे राहून जातात. रात्री आलेल्या सामुराईच्या भुताला हवेत दोन कानच दिसतात. तो ते उपटून घेऊन जातो.

१८ एप्रिल

पटकथेचा पहिला खर्डा रद्द. दोन आठवडे फुकट गेले, आणि कारण कॉपीराइटच्या हक्कांचं आहे, म्हणून नीट लिहिते.

जपानमध्ये स्थायिक झालेले लेखक लाफ्काडियो हर्न यांनी ही कथा १९०४ साली इंग्रजीत छापली आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांचा मजकूर केव्हाच मोकळा झाला आहे. आमचा खर्डा मात्र एका जपानी अनुवादावरून केलेला होता, संवाद तर जवळपास जसेच्या तसे. अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. जपानमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती, ती २०१८ च्या अखेरीस ७० झाली. आधी मोकळं झालेलं लेखन पुन्हा बंद झालं नाही, म्हणून १९६७ पर्यंत वारलेल्यांचं लेखन वापरता येतं. आमचे अनुवादक त्यात बसत नव्हते. भारतात ही मुदत ६० वर्षांची आहे. आपल्याकडच्या मराठी अनुवादांनाही हाच विचार लागू. आता हर्न यांच्या इंग्रजीवरून संवाद आम्हीच नव्याने लिहितो आहोत. दिग्दर्शक सेन्पाई (सेन्पाई म्हणजे आपल्याला सीनियर असलेले) म्हणतात, त्यामुळे बोलणं उलट साधं झालं. मलाही तसंच वाटतं.

२९ एप्रिल

जागा पाहायला गेलो. क्यूशूतल्या मोजीहून शिमोनोसेकीला समुद्राखालच्या बोगद्यातून चालत जाता येतं, ७८० मीटर, पायी जाणाऱ्याला पैसे नाहीत. पलीकडे दान-नो-उरा, तिथून थोडं चाललं की आकामा जिंगू. कथेतलं आमिदाजी ते हेच. पण मेइजी काळात (१८६८ ते १९१२) बौद्ध आणि शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माची, स्थळं वेगळी काढली तेव्हा हे शिंतो देवस्थान झालं. आज तिथे लालभडक कमान आहे, आंतोकुची समाधी आहे, हेइके योद्ध्यांच्या थडग्यांची रांग आहे, होइचीच्या लाकडी मूर्तीचं छोटं देऊळ आहे. पण ज्याच्या ओसरीवर होइची बसला असेल असं बौद्ध मंदिर नाही. समोर राष्ट्रीय महामार्ग, बाजूला १९७३ साली झालेला कानमोन पूल, आणि सामुद्रधुनीतून दिवसरात्र जाणारी जहाजं.

मी अर्धा तास हेडफोन लावून उभी राहिले. इथे समुद्राचा आवाज लाटांचा नाहीच. प्रवाह इतका जोरकस की पाणी नदीसारखं वाहतं, आणि त्यावर इंजिनांची घरघर. ठरलं : इथे शूटिंग करायचं नाही. होइचीच्या मूर्तीला हात जोडून परत आलो. ओसरीसाठी वेगळं मंदिर आणि समुद्रासाठी वेगळा किनारा शोधायचा.

१७ मे

होइचीचं काम करणारा तिसऱ्या वर्षाचा मुलगा बाहेर पडला. डोकं तुळतुळीत करावं लागणार आणि त्याच्या नोकरीच्या मुलाखती उन्हाळ्यातच सुरू. त्याचं बरोबर आहे. टकलाची टोपी लावून पाहिली होती, पण कानामागे तिची कड दिसते, आणि या कथेत कॅमेरा कानांवरच जाणार. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तयार झाला. पहिल्या वाचनाच्या आधीच केसांचं विचारून घ्या.

मंदिर मिळालं. डोंगरउतारावरचं, गावाबाहेरचं, लाकडी ओसरीचं. एका वर्गमित्राच्या आजीची तिथे जुनी ये-जा आहे. ओशो-सानांनी पूर्ण पटकथा वाचायला मागितली आणि मगच हो म्हणाले.

२४ मे

आमच्या विद्यापीठातल्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला तालमीला बोलावलं. आमचा नट दोन्ही हात पुढे करून चाचपडत चालत होता. त्याची पावलं ऐकूनच तो म्हणाला, होइची या मंदिरात राहतो ना? मग राहत्या घरात कुणी असं चालत नाही. तो स्वतः ओसरीवर झपाझप चालला, खांबाला फक्त बोटांची मागची बाजू लागली, आणि पायरीच्या आधी पाऊल किंचित लांबलं. नटाने तेच उचललं. दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मोठी होती : हाक आली की होइची चेहरा वळवणार नाही, आधी कान वळवेल. सगळे क्लोज-अप त्यानुसार बदलले. हे तालमीच्या पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

७ जून

सर्वांत महाग दिवस. चिलखत भाड्याने आणलं, एका दिवसाचे ३२,००० येन. चढवायला पाऊण तास. दिसायला सुंदर, आणि पडद्यावर पूर्ण निरुपयोगी. ओसरीसमोर सामुराई उभा राहिला की तो जत्रेच्या मिरवणुकीतून आल्यासारखा दिसत होता. प्रकाश कमी केला, पाठमोरा घेतला, धूर सोडला, फक्त पाय घेतले. प्रत्येक वेळी नजर चिलखतावर गेली आणि भीती ओसरली.

त्याच दिवशी दुसरा त्रास. कागदी कंदिलात स्वस्त एलईडी दिवा होता आणि चित्रावर काळे पट्टे सरकत होते. शटर १/५० वर होतं. भारतात वीज ५० हर्ट्झची, तिथे ते चालून जातं. पश्चिम जपानात ती ६० हर्ट्झची आहे. १/६० केल्यावर पट्टे गेले. तोवरचे सगळे टेक बाद.

८ जून

रात्री उशिरापर्यंत बैठक. मी आग्रहाने मांडलं की सामुराई दाखवायचाच नाही. होइचीला तो दिसत नाही, मग प्रेक्षकाला का दिसावा? हर्न यांच्या पत्नी सेत्सु यांच्या आठवणींत एक प्रसंग आहे. ही कथा लिहिताना संध्याकाळ झाली तरी हर्न यांनी दिवा लावला नव्हता. सेत्सु यांनी शेजारच्या खोलीतून हलकेच होइचीच्या नावाने हाक मारली, तर हर्न यांनी आंधळ्या होइचीचंच उत्तर दिलं. ही कथा लिहिली गेली तीच कानांनी. सेन्पाई बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी पटकथेतले सामुराईचे सगळे शॉट स्वतः खोडले. वाड्यातले दरबारीही गेले. आता पडद्यावर फक्त होइची, ओशो, शिष्य आणि दोन नोकर.

३२,००० परत येणार नाहीत. पण हा निर्णय ते चिलखत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय झाला नसता.

१४ जून

चिलखताचा आवाज. खऱ्या भाड्याच्या चिलखताचा आवाज मी ७ तारखेला भरून ठेवला होता, पण त्याचे पत्रे फायबरचे, आवाज पोकळ येतो. पत्र्याच्या डब्यांनी यंत्रमानव चालल्यासारखं होतं. जुनं चिलखत म्हणजे लाख चढवलेल्या छोट्या पट्ट्या, दोरीने एकमेकींना बांधलेल्या. तसंच काही हवं. शेवटी जाड चामड्याचे तुकडे, भोकं पाडून ओवलेल्या लाकडी शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, सोंगट्या आणि मध्ये मध्ये थोडे लोखंडी वॉशर, हे सगळं दोरीने जॅकेटवर बांधलं आणि गवती चपला घालून खडीवर चाललो. वॉशर जास्त झाले की किल्ल्यांचा जुडगा वाटतो, म्हणून निम्मे काढले. आवाज बरोबर बसला. एकूण खर्च जेवणाच्या डब्याएवढा.

चालण्याचा वेग महत्त्वाचा. आम्ही आधी सावकाश, दबकी पावलं भरली होती. हा माणूस मालकाच्या हुकुमाने आलेला शिपाई आहे, तो दबकत येणार नाही. भरभर, सरळ, न थांबता पावलं टाकल्यावर अंगावर काटा आला.

२८ जून

अंगावरचं सूत्र, पहिला प्रयोग. खऱ्या सुमी शाईने लिहिलं. त्या शाईत काजळी आणि प्राण्यांचा सरस असतो. वाळताना कातडी ओढली जाते आणि कोपर वाकवला की अक्षरांचे पापुद्रे पडतात. बाद. मग टॅटूसारखे चिकटवायचे कागद छापून घेतले, ४,२०० येन. अक्षरं अप्रतिम, पण प्रत्येक तुकड्याच्या पातळ पापुद्र्याची चौकट कंदिलाच्या उजेडात चकाकते. पावडर मारली तरी चकाकते. तेही बाद.

५ जुलै

अल्कोहोलमध्ये विरघळणारा मेकअपचा रंग आणि साधा बारीक ब्रश. घामाने जात नाही, वाळल्यावर ओढत नाही, वर पारदर्शक पावडर मारली की चमक नाही. डोळ्यांभोवती हा वापरायचा नाही, तिथे पाण्याचा रंग. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून पाहावा. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वासाने डोकं धरतं. काढायला तेलाचं क्लेन्झर.

सूत्राचा जपानमध्ये म्हटला जाणारा मजकूर २६२ चित्राक्षरांचा. शेवटचा मंत्र आपल्याला ओळखीचा आहे, ‘गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा’. संस्कृत मंत्र तसाच ठेवून चिनी अक्षरांत बसवलेला. कॅमेऱ्यात न येणाऱ्या भागांवर नुसत्या रेघोट्या मारायचा आमचा बेत होता. ओशो-सान सराव पाहायला आले होते, त्यांनी शांतपणे सांगितलं की लिहायचं तर सूत्रच लिहा, नाहीतर तो भाग कोरा ठेवा. आम्ही ऐकलं. वेळ वाढला, पण त्यानंतर कुठल्याही कोनातून कॅमेरा लावायला मोकळे झालो.

आणि एक गोष्ट आज कळली, जी कथा कितीही वाचून कळली नसती. दोघी जणी लिहीत होत्या, एक पुढून, एक मागून. जवळजवळ चार तासांनी संपलं तेव्हा गळ्याच्या बाजूची एक पट्टी कोरी होती. पुढचीला वाटलं ते मागचीचं, मागचीला वाटलं पुढचीचं. कान नेमके त्याच सीमेवर येतात. हर्न यांच्या कथेत ओशो म्हणतात की तो भाग मी शिष्यावर सोपवला होता. मला तो आजवर कथेला पुढे ढकलायला योजलेला हलगर्जीपणा वाटायचा. माणसाच्या अंगावर दोघांनी लिहायला घेतलं तर कानच राहणार. आता चित्रपटात ओशो समोर, शिष्य पाठीमागे, असंच बसवायचं. कुणी काही बोलणार नाही.

१२ जुलै

पावसात शोध घेण्याचा प्रसंग खऱ्या पावसात केला. कागदी कंदील पाच मिनिटांत लगदा झाले. शंभर येनच्या दुकानातले प्लास्टिकचे घेतले, उजेड कमी केला, पडद्यावर फरक कळत नाही.

२६ जुलै

पाऊस संपल्यावर हिबिकी समुद्राकडचा किनारा. इथे खऱ्या लाटा आहेत. कथेत या किनाऱ्यांवर रात्री भुताटकीचे दिवे, ओनिबी, तरंगताना दिसतात. आमच्याकडे त्यासाठी काठीला बांधलेले दिवे होते. वाऱ्यात ते हेलकावे खात होते आणि दोरा दिसत होता. आवरायला घेतलं तेव्हा क्षितिजावर माकूळ पकडणाऱ्या बोटींनी दिवे लावले. उन्हाळ्यात या समुद्रात ही मासेमारी रात्रभर चालते. लांब लेन्स लावून फोकस अर्धवट सोडला, तर पाण्यावर पांढरट निळे गोळे लटकलेले. जवळजवळ पहाटेपर्यंत तेच घेत बसलो. या समुद्रावरच घडलेल्या कथेला या समुद्रानेच दिवे दिले याचा मला फार आनंद झाला.

२ ते ४ ऑगस्ट

मंदिरातल्या रात्री. १३ तारखेपासून ओबोन, म्हणजे पितरांचा सण. ओशो-सान घरोघरी सूत्रपठणाला जाणार, मंदिरात माणसांची रीघ, म्हणून त्याआधी संपवायचंच होतं.

अडचण किड्यांच्या आवाजाची. रातकिडे आणि बेडूक इतके की संवाद त्यात रुतून बसतो. कथा उन्हाळ्यातली, आवाज चालेल असं पटकथा लिहिताना वाटलं होतं. पण भूत आलं की किडे एकदम गप्प व्हायला हवेत, आणि संवादाच्या ट्रॅकमध्येच किडे असतील तर ते गप्प करता येत नाहीत. म्हणून प्रत्येक शॉटनंतर नटाला आतल्या खोलीत नेऊन, रजया टांगून, तेच संवाद ताबडतोब पुन्हा भरले. किडे वेगळे भरले, सलग वीस मिनिटं. यात रोज दोन तास गेले आणि ते सत्कारणी लागले.

रक्तासाठी मिझुआमे म्हणजे गोड पाक, लाल खाद्यरंग आणि थोडी कॉफी. खाद्यरंग लाकडात मुरतो. ओसरीच्या शतकभर पुसलेल्या फळ्यांवर तो थेंबभरही पडू नये म्हणून प्लायवूड त्याच छटेत रंगवून वर अंथरलं होतं. कडेच्या फटींना टेप लावा.

सप्टेंबर, एडिट

वादळाच्या आठवड्यात सगळे घरी, म्हणून सलग काम झालं. पहिला कट २२ मिनिटांचा होता, आता १४.

बिवा : होइचीच्या काळातली हेइके-बिवा वाजवणारे आज फार थोडे. या भागात मिळते ती चिकुझेन बिवा, मेइजी काळात इथेच घडलेली. वाद्य त्या काळाचं नाही हे माहीत असून तिच्यावरच समाधान मानलं आणि वाद्याचे क्लोज-अप टाळले. वाजवणाऱ्या आजींनी एक मोलाचा सल्ला दिला : लढाई पूर्ण गाऊ नका, सम्राट पाण्यात जातो तिथे तार एकदाच छेडा आणि थांबा. त्या थांबण्यात रडणं सुरू होतं.

ते रडणं भरायला खूप त्रास झाला. माइकसमोर रडलेलं खोटं वाटतं, कधीकधी हसण्यासारखंही ऐकू येतं. मंडळातल्या सगळ्यांना वसतिगृहाच्या जिन्यात दोन मजले खाली बसवलं, तोंडं बाह्यांत खुपसायला सांगितली आणि मी वरून भरलं. शब्द नाहीत, फक्त गदगद. तेच ठेवलं.

कान उपटण्याचा आवाज : सेलरी मोडली तर भाजी मोडल्यासारखीच वाटते. सुकवलेलं माकूळ, इथे सुरुमे म्हणतात ते, थोडं भिजवून सावकाश फाडलं, त्याखाली ओल्या चामड्याची पिळवटणी घातली. आवाज इतका जमला की पातळी निम्मी करावी लागली. त्या वेळी पडद्यावर होइचीचा फक्त गुडघ्यावरचा हात आहे, न हललेला.

१२ ऑक्टोबर

चाचणी. मेमध्ये मदत केलेला तो दृष्टिहीन विद्यार्थी आला होता. हाका, पावलं, रडणं यांबद्दल तो भरभरून बोलला. मग म्हणाला, मध्ये तीन मिनिटं काहीच घडत नाही, ती काय आहेत? ती सूत्र लिहिण्याची तीन मिनिटं होती. तिथे आम्ही शांतता ठेवली होती, नुसतं ब्रशचं खसखसणं. डोळ्यांनी पाहणाऱ्याला तो चित्रपटाचा गाभा, आणि आंधळ्या गायकावरच्या आमच्या चित्रपटात नेमका तोच त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

२५ ऑक्टोबर

उपाय सापडला. लिहिताना दोघेही सूत्र पुटपुटतात. ओशो-सानांनी स्वतः आवाज द्यायचं कबूल केलं, शिष्याचा आवाज नटाचा. दोन माइकमध्ये नटाला बसवलं, जसं लिखाण सरकेल तसे दोघे त्याच्याभोवती सरकत पुटपुटत गेले. कपाळापासून एक आवाज कानाकडे येतो आणि गालावरून खाली वळतो. मानेकडून दुसरा येतो आणि तोही कानाशी येऊन खांद्याकडे वळतो. कानाजवळ दोन्ही बाजूंना क्षणभर काहीच ऐकू येत नाही. हेडफोनवर हे स्पष्ट कळतं. सभागृहात दोनच स्पीकर आहेत, तिथे मधल्या रांगांपर्यंत कळतं, कडेच्या खुर्च्यांवर नाही. त्या खुर्च्या आम्ही मांडणार नाही.

३ नोव्हेंबर

विद्यापीठाच्या उत्सवात दाखवला. खिडक्यांना काळा कागद, एसी बंद. त्याची घरघर किड्यांची शांतता खाऊन टाकते.

खर्च, येनमध्ये : चिलखत ३२,०००, जेवण २१,०००, बिवावादकांचं मानधन २०,०००, गाडी आणि पेट्रोल १९,०००, रंग आणि पावडर १४,५००, मंदिराला दक्षिणा १०,०००, प्लायवूड ६,८००, ट्रान्स्फर कागद ४,२००. एकूण १,२७,५००. मंडळाचे १,२०,००० होते, उरलेले आम्ही वाटून घातले. चिलखत आणि कागद वगळले तर ९१,३०० मध्ये हाच चित्रपट होतो.

पुटपुटण्याचा ट्रॅक घातलेली प्रत त्या विद्यार्थ्याला पाठवली होती. त्याचं उत्तर आज आलं : डावा कान कळला, उजवा अजून पुसट आहे. उजव्या बाजूचा माइक पुन्हा मिक्स करायला घेतला आहे.